आठवड्याला दोन सेंट

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना वेळेअभावी राहून गेलेला थोडा मजकूर जोडला आहे.)



या मेळाव्यात कोणत्या विषयावर बोलणार, असे चिटणीससाहेबांनी मला विचारले तेव्हा मी म्हणालो, "अमेरिकेतल्या चर्चमधली बायकांची मंडळे." ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "सर, आपला मेळावा आणि हा विषय?" आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात हाच प्रश्न आला असेल. तो रास्त आहे. माझी एवढीच विनंती, की भाषण संपेपर्यंत तो मनात ठेवावा आणि मग निकाल द्यावा.

आपल्या भागातली जुनी माणसे बोलता बोलता "मिशनला नेले होते" असे सहज म्हणून जातात. मिशन म्हणजे मिरजेचे मिशन इस्पितळ. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी ते १८९४ साली उघडले. कोणाच्या आजोबांचे ऑपरेशन तिथे झाले, कोणाच्या आईचे बाळंतपण तिथे झाले. लहानपणी हे ऐकताना मला नेहमी एक कोडे पडे. हजारो मैलांवरची माणसे आपल्या गावाशेजारी येऊन इस्पितळ बांधतात, तर त्यांना पैसे देतो कोण? मला वाटे, अमेरिकेचे सरकार देत असेल, नाही तर एखादा लक्षाधीश शेठ. पुढे बी.एड. करताना स्त्रीशिक्षणाचा इतिहास वाचनात आला आणि या कोड्याचे उत्तर हळूहळू सापडत गेले. काही धनिकांनी मोठ्या रकमा दिल्या, हे खरेच आहे. परंतु अशा कितीतरी शाळा आणि इस्पितळे वर्षानुवर्षे चालली ती साध्या घरांतल्या बायकांनी घरखर्चातून बाजूला काढलेल्या चिल्लर पैशांवर. याचे जे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते ते मिरजेचे नसून उत्तर हिंदुस्थानातले आहे. तेच आज सांगावयाचे आहे.

गोष्ट १८६९ सालच्या मार्च महिन्यातली. बोस्टन शहरातल्या एका मेथॉडिस्ट चर्चमध्ये बायकांची सभा बोलावली होती. त्या दिवशी पावसाने कहर केला आणि सभेला जेमतेम आठ बायका जमल्या. आपल्याकडे इतक्या उपस्थितीत सभा तहकूब झाली असती! त्यांनी ती केली नाही. हिंदुस्थानात राहून आलेल्या दोन मिशनऱ्यांच्या पत्नी, बटलरबाई आणि पार्करबाई, तिथे बोलल्या. त्यांनी इथल्या पडद्यातल्या स्त्रियांची हकिकत सांगितली. या स्त्रिया आजारी पडल्या तर पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवीत नाहीत, घरातले दाखवू देत नाहीत, आणि स्त्री डॉक्टर तर कुठे नाहीच. मुलींनी शिकावे असे एखाद्या बापाला वाटले तरी शिकवणारी बाई मिळत नाही. हे ऐकून त्या आठजणींनी मंडळ स्थापन करावयाचे ठरविले.

आता मंडळाची रीत पाहा. वर्गणी आठवड्याला दोन सेंट, म्हणजे वर्षाला सुमारे एक डॉलर. त्या काळीही ही रक्कम साध्या घरच्या बाईला झेपेल अशीच होती. गावोगावच्या चर्चमध्ये मंडळाच्या शाखा निघाल्या. प्रत्येक शाखेला एक अध्यक्षा, एक चिटणीस आणि एक खजिनदार. यांपैकी कोणालाही पगार नाही. महिन्यातून एक बैठक, तीत हिशेबाचे वाचन आणि परदेशातून आलेल्या पत्रांचे वाचन. पहिल्याच वर्षी त्यांनी स्वतःचे मासिक सुरू केले. बरेलीच्या बाईंनी लिहिलेले पत्र त्यात छापून येई आणि अमेरिकेतल्या एखाद्या खेड्यातली शेतकऱ्याची बायको ते चुलीपाशी बसून वाची. आपले दोन सेंट कुठे गेले हे तिला त्यातून कळे.

या मंडळाला विरोध झाला नाही असे समजू नका. तोही बाहेरून नव्हे, घरातूनच झाला. चर्चचे मोठे मिशन मंडळ पुरुषांच्या हातात होते. त्यांना भीती वाटली, की बायका वेगळा पैसा जमवू लागल्या तर आमची तिजोरी आटेल. म्हणून बंधन आले, की बायकांच्या मंडळाने नेहमीच्या उपासनेच्या वेळी किंवा सर्वांच्या जाहीर सभेत वर्गणी गोळा करावयाची नाही. म्हणजे जिथे मोठ्या नोटा पडतात ती जागाच बंद झाली. त्यांच्या हाती राहिली फक्त घरातली चिल्लर. मला वाटते, हे बंधनच त्यांच्या पथ्यावर पडले. मोठ्या देणगीदाराची वाट पाहत बसण्याची सवय त्यांना लागलीच नाही.

परदेशी पाठवावयाच्या पहिल्या शिक्षिकेचे नाव पुढे आले, तेव्हा मंडळाजवळ पुरेसे पैसे नव्हते. त्या बैठकीत एक बाई उठून म्हणाल्या, की पैशांअभावी ही बाई आपण गमवावयाची का? त्यापेक्षा आपण बोस्टनच्या रस्त्यांवरून साध्या सुती छिटाचे कपडे घालून फिरू आणि भारी कपड्यांचे पैसे वाचवू. ठराव मंजूर झाला. आणि एकीच्या ऐवजी दोघींना पाठविण्याचे ठरले. इझाबेला थोबर्न या शिक्षिका आणि क्लारा स्वेन या डॉक्टर. ३ नोव्हेंबर १८६९ रोजी दोघी न्यूयॉर्कहून बोटीत बसल्या. तेव्हा मंडळाला एक वर्षही पुरे झाले नव्हते.

थोबर्नबाई लखनौला गेल्या. १८७० सालच्या एप्रिलमध्ये त्यांनी अमीनाबादच्या बाजारात एका खोलीत मुलींची शाळा उघडली. मुली किती? सहा. दाराशी लाठी घेतलेला एक दणकट पोरगा राखणीला ठेवावा लागला, कारण मुलींची शाळा लोकांना पसंत पडेल की नाही याची खात्री नव्हती. त्या सहा मुलींच्या शाळेचे पुढे हायस्कूल झाले, १८८६ साली तिथे कॉलेजचे वर्ग निघाले, आणि आज ते इझाबेला थोबर्न कॉलेज म्हणून ओळखले जाते. थोबर्नबाई १९०१ साली लखनौतच पटकीने वारल्या.

विद्यार्थिनींनो, या कॉलेजात कोण शिकले ते तुम्ही लक्षात ठेवावे. उर्दूतल्या नामवंत लेखिका इस्मत चुगताई तिथे शिकल्या. ज्ञानपीठ पारितोषिक मिळविणाऱ्या कुर्रतुलऐन हैदर तिथे शिकल्या. अलीगढला मुलींची शाळा काढणारे शेख अब्दुल्ला यांची मुलगी रशीद जहाँ तिथे शिकली, मग दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जाऊन डॉक्टर झाली आणि लेखिकाही झाली. बोस्टनच्या पावसात जमलेल्या आठ बायकांना यांतले एकही नाव ठाऊक असणे शक्य नव्हते.

आता दुसऱ्या बाईंची गोष्ट. ही आपल्याला अधिक जवळची वाटेल. क्लारा स्वेन २० जानेवारी १८७० रोजी बरेलीला पोहोचल्या. त्या वैद्यकीय पदवी घेतलेल्या होत्या आणि मिशनने परदेशी पाठविलेल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते. लवकरच रोगी स्त्रियांची रीघ लागली. डोलीत बसून, पडदे लावून बायका येऊ लागल्या. मिशनच्या अनाथ मुलींपैकी काहींना त्यांनी वैद्यकाचे शिक्षण देण्यास आरंभ केला. परंतु इस्पितळ नाही आणि त्यासाठी जागा नाही. मिशनच्या आवाराला लागूनच एक मोठी बाग आणि वाडा होता. तो रामपूरच्या नवाबांच्या मालकीचा.

रामपूरचे नवाब कल्ब अली खान विद्येचे चाहते आणि धर्मनिष्ठ म्हणून प्रसिद्ध होते. रामपूरचे हस्तलिखितांचे जगप्रसिद्ध ग्रंथालय त्यांच्या काळात वाढले. आपल्या शहरात मिशनऱ्याला थारा नाही, असे ते अभिमानाने सांगत असत म्हणतात. अशा माणसाकडे एका ख्रिस्ती बाईने जागा मागावयाची कशी? तरी १८७१ साली क्लाराबाई आणि त्यांचे सहकारी चाळीस मैलांचा प्रवास करून रामपूरला गेले. विचार असा होता, की जागा विकत द्याल का, असे विचारावे. नवाबसाहेबांनी पाहुण्यांचा थाटाने सत्कार केला. स्त्रियांच्या इस्पितळासाठी जागा हवी आहे हे कळताच त्यांनी किंमत घेण्याचे साफ नाकारले आणि सुमारे चाळीस एकरांची ती मिळकत वाड्यासकट देऊन टाकली. १८७४ सालच्या आरंभी तिथे स्त्रियांचे इस्पितळ उघडले. पुढे त्या इस्पितळाला क्लारा स्वेन यांचेच नाव मिळाले.

येथे मला थोडे थांबावयाचे आहे. बरेली नवाबांच्या राज्यात नव्हती. ती इंग्रजांच्या मुलखात होती. म्हणजे तिथे ज्या बायका बऱ्या होणार होत्या त्या नवाबांची प्रजा नव्हत्या. नवाबांनी क्लाराबाईंना "तुम्ही तुमचा धर्म बाजूला ठेवा" असे सांगितले नाही, आणि स्वतःच्या धर्मापासूनही ते तसूभर ढळले नाहीत. उपचारावाचून बायका मरतात एवढे त्यांना पुरेसे वाटले. एका बाजूने बोस्टनच्या बायकांची चिल्लर आली, दुसऱ्या बाजूने मुसलमान नवाबाची जमीन आली, आणि मध्ये इस्पितळ उभे राहिले.

मराठी माणसाला यात आणखी एक धागा सापडतो. क्लाराबाईंनी १८६९ साली फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली होती, त्याच महाविद्यालयातून १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. आनंदीबाईंच्या यजमानांनी, गोपाळरावांनी, पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र एका मिशनऱ्याला लिहिले होते. उत्तर आले ते ख्रिस्ती होण्याच्या सल्ल्याचे. पण तो पत्रव्यवहार मिशनच्या नियतकालिकात छापला गेला, आणि न्यू जर्सीतल्या कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना तो त्यांच्या वाचनात आला. त्यांनी आपल्या घराचे दार उघडले. त्यांनी धर्मांतराची अट घातली नाही, आणि आनंदीबाईंनीही आपला धर्म सोडला नाही. १८८७ साली, बावीस वर्षांच्याही होण्याआधी, त्या पुण्यात वारल्या.

आता तो अवघड मुद्दा. "सर, हे सारे धर्मप्रसारासाठीच होते ना?" होय, होते. त्या मंडळींनी ते कधी लपविले नाही. त्यांच्या मासिकाच्या नावाचाच अर्थ "विधर्मी स्त्रियांची मैत्रीण" असा होता. त्या नावात माया आहे तशी आढ्यताही आहे. तुम्ही अंधारात आहात आणि उजेड आमच्याजवळ आहे, ही ती भावना. आपल्या आज्यांकडे कोणी असे पाहिले, हे वाचताना मलाही बोचते. गंमत अशी, की ज्या बायका आपल्या बायकांची कीव करीत होत्या, त्यांना स्वतःच्या देशभर मतदानाचा हक्क मिळावयास १९२० साल उजाडावे लागले! त्या मासिकाचे नाव १८९६ साली त्यांनीच बदलले. माणसे काम करता करता शिकतात, ती अशी.

त्या मंडळाची वारस संघटना आजही आहे. २०२२ साली तिने पुन्हा नवे नाव घेतले. त्याच चर्चची मदत समिती १९४० साली, दुसऱ्या महायुद्धात निराधार झालेल्यांसाठी निघाली. पूर, भूकंप किंवा युद्ध झाले की ती धर्म न विचारता मदत करते. या समितीसाठी गावोगावचे स्वयंसेवक शनिवारी-रविवारी जमून छोट्या पिशव्या भरत असत. पिशवीत एक टॉवेल, एक रुमाल, कंगवा, साबण, दात घासण्याचा ब्रश, जखमेवर लावण्याच्या पट्ट्या. यादी ठरलेली असे. तिच्याबाहेरची वस्तू कोणी प्रेमाने टाकली तरी ती काढून ठेवत. टूथपेस्टसुद्धा स्वयंसेवकांनी घालावयाची नसे. तिची मुदत संपते, म्हणून तिच्यासाठी पैसे द्यावयाचे आणि ती माल पाठविताना ताजी घालावयाची. एवढ्या बारीक गोष्टीचा विचार केलेला असे. मदत करणाऱ्याच्या हौसेपेक्षा घेणाऱ्याच्या गरजेला मान देणे, ते हेच.

आपल्याकडे काय कमी आहे? देण्याची वृत्ती कमी नाही. रमजानमध्ये आपला समाज किती देतो हे मी डोळ्यांनी पाहतो. गरिबातला गरीब माणूसही फितऱ्याचा हिशेब चुकवीत नाही. संस्थेची इमारत उभी करताना लोकांनी हात आखडता घेतला नाही. याच स्मरणिकेतली शुभेच्छांची पाने उलटून पाहा. मग उणीव कुठे आहे? ती मला एका मुलीने दाखविली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. वडील गाडीवर फळे विकणारे. तिला नर्सिंगला जावयाचे होते. यादीत नाव लागले. पहिला हप्ता आणि अनामत भरण्यास आठ दिवसांची मुदत होती. वडील माझ्याकडे आले. मी म्हणालो, "काळजी करू नका, बघू." मी दोघा-तिघांना सांगितले. एकजण परगावी होते. दुसरे म्हणाले, "सर, रमजानमध्ये सांगा, जकातीतून नक्की करू." रमजानला चार महिने होते. तिसऱ्यांना मी फोन करावयाचा राहून गेलो. परीक्षेच्या कामाचा ढीग होता, असे मी स्वतःला समजावले. नवव्या दिवशी मुलगी घरी येऊन म्हणाली, "सर, आता राहू द्या." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

त्या दोघांनाही मी दोष देत नाही. वाईट कोणीच नव्हते. मीही वाईट नव्हतो. फक्त आमच्यापैकी कोणाचे ते काम नव्हते. पैसे होते, पण त्या आठ दिवसांत हाताशी नव्हते. बोस्टनच्या बायकांचे मोठेपण मला त्या दिवशी कळले. त्यांचे दोन सेंट लहान होते, पण ते दर आठवड्याला येत, आणि ते कुठे आहेत हे खजिनदारबाईंना ठाऊक असे.

हे आपल्याला परके आहे असेही नाही. याच महाराष्ट्रात पैसा फंडाने माणशी एक पैसा मागून तळेगावला काचेचा कारखाना काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मूठमूठ धान्यावर वसतिगृहे चालविली. आणि थोडे असले तरी नेमाने केलेले काम श्रेष्ठ, ही शिकवण तर आपण मदरशात बसावयास लागल्यापासून ऐकत आलो आहोत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. चाळीस घरे घ्यावीत. प्रत्येक घराने आठवड्याला दहा रुपये बाजूला ठेवावेत. वर्षाला एका घराचे पाचशे वीस होतात, चाळीस घरांचे वीस हजार आठशे. या रकमेत कोणाचे सगळे शिक्षण होणार नाही, हे मला कळते. पण अडलेल्या मुलाचा वा मुलीचा पहिला हप्ता आठ दिवसांच्या आत भरता येईल. बाकीचे पुढे रमजानमध्ये जमेल, शिष्यवृत्तीतून जमेल. हा निधी जकातीत मिसळू नये. जकातीचे नियम वेगळे आहेत आणि ते सांगण्याचा अधिकार माझा नाही. हा नेहमीच्या घरखर्चातला पैसा असावा.

दुसरे, याची खजिनदार एखादी आई असावी. माता-पालकांनी हे हाती घ्यावे आणि आम्ही शिक्षकांनी कारकुनी करावी. महिन्यातून एकदा हिशेब वाचून दाखवावा, मग जमा तीनशे असो की तीन हजार. तिसरे, ज्याला मदत झाली त्याचे नाव फळ्यावर लागू नये आणि व्यासपीठावर त्याला बोलावून फोटो काढू नये. पण त्याने सहा महिन्यांनी एक पत्र मात्र लिहावे: काय शिकतो आहे, काय अडते आहे. ते नाव न घेता बैठकीत वाचावे. आणि शेवटचे, अडलेली मुलगी शेजारच्या आळीतली असेल, आपल्या जमातीची नसेल, तरी तिचा हप्ता भरावा. रामपूरच्या नवाबांनी हद्द पाहिली नाही. आपण दहा रुपयांसाठी ती का पाहावी?

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे पैसे मागत नाही. तुमच्या वर्गात कोण अडले आहे हे आम्हा मोठ्यांच्या आधी तुम्हाला कळते. ते आम्हाला वेळेवर सांगा. आणि मी "बघू" म्हणालो, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन विचारा. मला राग येणार नाही.

शाळेच्या शिक्षक-खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर एक डबा आणि एक वही ठेवली आहे. वहीत पहिली नोंद माझी आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर हिशेब वाचला जाईल. पहिल्या बैठकीला आठजण आले तरी ती तहकूब होणार नाही.